मनिलाहून पुण्याला येणाऱ्या मैत्रिणीला तिच्याच देशाचं इमिग्रेशन अडवेल का?

कोथरूडी_राघू:
मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे मनिला-सिंगापूरकडचे बरेच जण वाचतात म्हणून विचारतो.

माझी मैत्रीण (लग्न ठरल्यातच जमा आहे, घरच्यांना कल्पना आहे) फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिथल्या एका बीपीओत अकाउंट्स बघते, वय 27. डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न आहे, त्याला तिने यावं असं आईनेच म्हटलं. भारताचा ई-व्हिसा आला. इलोइलो-मनिला-सिंगापूर-मुंबई असं येणं आणि तसंच परत जाणं. तिकीट मी माझ्या कार्डावर काढणार आहे.

आता ती म्हणते, "मला ऑफलोड करतील." म्हणजे विमानतळावर अडवून विमानात चढूच देणार नाहीत. पासपोर्ट नवा, परदेशात कधी गेलेली नाही. मला समजेना. व्हिसा द्यायचा भारताने, तो दिला. मग तिचंच सरकार तिला का अडवेल? ती उगाच घाबरते आहे की यात काही तथ्य आहे?

चहाटळ:
स्वतःच्या देशातून बाहेर पडायला परवानगी? काहीतरी गैरसमज आहे. फार तर पासपोर्टवर शिक्का मारायला वेळ लावतील. बिनधास्त तिकीट काढा.

गुहागरचा_खलाशी:
चहाटळराव, आपल्याकडेही हा प्रकार आहे, फक्त पांढरपेशांना दिसत नाही. आमच्या रत्नागिरीत दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे बाहेर कामाला जाण्याआधी तपासणी लागते असा शेरा. 1983 च्या कायद्यानुसार ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि ईसीआर पासपोर्टवाल्या बाईला 30 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. आखातात निघालेल्यांना हे पाठ असतं. बोटीवर माझ्याबरोबर निम्मे फिलिपिनो असायचे. त्यांच्याकडे ओईसी नावाचा कागद असतो, नोकरीवर जाणाऱ्याचा परवानाच म्हणा. तो दाखवला की सुटले. पर्यटक म्हणून बाहेर पडणाऱ्याचे हाल वेगळे, ते मनिलाजवळच्या मकाटीत राहणारे कोणी सांगतील.

मकाटीतला_सांगलीकर:
हाक ऐकली. राघूशेठ, तुमची मैत्रीण उगाच घाबरत नाहीये. मी इथे मकाटीत नोकरीला आहे, बायको बातांगासची, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर कायम असतो.

आधी हे का चालतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही चिडाल आणि ती चिडचिड तिला काउंटरवर भोवेल. या देशाचे लाखो लोक बाहेर कामाला आहेत. कित्येक बायका "पर्यटक" म्हणून आखातात गेल्या आणि घरकामात अडकल्या. हल्ली भर पडली म्यानमारच्या म्यावड्डीकडच्या स्कॅम अड्ड्यांची. पोरांना बँकॉकला फिरायला म्हणून नेतात, तिथून सीमेपार, आणि मग पासपोर्ट काढून घेऊन लोकांना ऑनलाइन फसवायला बसवतात. ही भीती खोटी नाही. 2003 चा मानवी तस्करीविरोधी कायदा आहे, त्यावर 2012 मध्ये विमानतळांसाठी नियमावली निघाली, आणि तिथून हा पसारा वाढला.

पण पसारा किती? 2022 मध्ये 32,404 जणांना रोखलं. त्यातले तस्करीचे किंवा बेकायदा भरतीचे बळी निघाले 472. खोटी माहिती देणारे 873. बाकीच्यांची तिकिटं गेली, सुट्ट्या गेल्या. इस्रायलला निघालेल्या एका मुलीकडे तर कॉलेजचं इयरबुक मागितलं. तिचं विमान चुकलं, 2023 च्या मार्चमध्ये व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि इमिग्रेशन ब्युरोला माफी मागावी लागली. तेवढ्यावर शहाणपण येईल म्हणता? त्याच ऑगस्टात आणखी कागद मागणारे नवे नियम काढले. सिनेटमध्ये आरडाओरडा झाला तेव्हा लागू व्हायच्या आतच त्यांना स्थगिती दिली. राज्यघटनेत प्रवासाचा हक्क स्पष्ट लिहिलाय, पण रात्री दोन वाजता काउंटरवर घटना वाचून दाखवायला कोण जातं?

आता तुमचं. पहिला काउंटर सगळ्यांना सारखा: पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, ई-ट्रॅव्हल या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा क्यूआर. अधिकारी दोन-चार प्रश्न विचारतो. समाधान झालं नाही तर दुसऱ्या तपासणीला पाठवतात. तिथे फॉर्म भरायचा, मग उलटतपासणी. वय, शिक्षण, पगार, खर्च कोण करतंय, सगळं बघतात. म्हणजे गरीब, तरुण, पहिल्यांदा निघालेली बाई असली की संशय आपोआप येतो. मला या व्यवस्थेचा राग येतो तो इथे. जिला वाचवायचं म्हणतात, तिलाच आधी आरोपीसारखं उभं करतात.

आणि तुमच्या प्रकरणात एक गोष्ट थेट नियमावलीतच आहे. परदेशी जोडीदाराला *भेटायला* किंवा त्याच्याशी लग्न करायला निघालेल्या व्यक्तीकडे सीएफओचं (परदेशातल्या फिलिपिनोंसाठीचा सरकारी आयोग) समुपदेशनाचं प्रमाणपत्र नसेल तर तिला दुसऱ्या तपासणीला पाठवायचंच, असं लिहिलंय. भेटायला हा शब्द नीट वाचा. बायका परदेशी नवऱ्यांना 'पुरवण्याचा' धंदा इथे जोरात होता, त्याविरुद्ध 1990 मध्ये कायदा झाला, 2016 मध्ये तो कडक झाला. हे समुपदेशन त्याच चिंतेतून आलेलं. तर तिला आधी सीएफओची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा.

आमच्या मेहुणीची गंमत सांगतो. हाँगकाँगला निघाली होती, कागद सगळे चोख. विचारलं, हॉटेल कुठलं? ही म्हणाली, "ताईला विचारून सांगते." झालं, गेली आतल्या खोलीत! शेवटी सोडलं, विमानही मिळालं, पण आमची बायको अजून तो किस्सा ऐकवते. कागद फायलीत असून उपयोग नाही, तिच्या तोंडात पाहिजेत. तुमचं पूर्ण नाव, कुठल्या भागात राहता, काय काम करता, बहिणीच्या लग्नाची तारीख, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

कोथरूडी_राघू:
सांगलीकर, मनापासून आभार. मी तिला सांगणार होतो की "एकटीच फिरायला चाललेय" असं म्हण, म्हणजे प्रश्न कमी. आणि दुसरं, मीच मनिलाला येऊन तिला बरोबर घेऊन निघालो तर? आणि स्पॉन्सरचं प्रतिज्ञापत्र की काय ते मी देऊ शकतो ना?

मकाटीतला_सांगलीकर:
एकटीच फिरायला वगैरे अजिबात नको! तिकिटावर पैसे भरणाऱ्याचं नाव तुमचं, फोनमध्ये फोटो तुमचे, आणि तोंडाने 'सोलो ट्रिप'. हीच खोटी माहिती समजतात. खरं तेच सांगायचं: बॉयफ्रेंड आहे, त्याच्या बहिणीचं लग्न आहे, अमुक तारखेला परत येऊन कामावर हजर.

बरोबर घेऊन निघणं ऐकायला बरं वाटतं, पण त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे: स्वतःची ऐपत नसलेला प्रवासी नात्यात नसलेल्या परदेशी माणसासोबत निघाला तर तोही थेट दुसऱ्या तपासणीला. तिचा पगार आणि बँकेचा हिशोब नीट असेल तर तुम्ही सोबत असण्याने बिघडणार नाही. पण तुमच्या भरवशावर ती सुटेल असं समजू नका.

प्रतिज्ञापत्र द्या, पण त्याचं वजन ओळखून. नियमात ते चौथ्या पायरीपर्यंतच्या, म्हणजे चुलत-मावस भावंडांपर्यंतच्या नातेवाइकांचं धरतात, आणि होणारा नवरा अजून नातेवाईक नाही. हमीपत्र म्हणून विचारात घेऊ शकतात, अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. दोन्ही देश अपॉस्टिल करारात (एकमेकांचे सरकारी शिक्क्याचे कागद मान्य करण्याचा करार) आहेत, तेव्हा नुसत्या नोटरीवर थांबू नका, अपॉस्टिलचा शिक्काही घ्या.

तिच्याकडचे कागद जास्त कामाचे. कंपनीचं नोकरीचं पत्र, रजा मंजूर केल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा. आणि लग्नपत्रिका! इंग्रजीतली वेगळी छापून घ्या, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" तिथे कोण वाचणार.

गुहागरचा_खलाशी:
एक राहिलं. काही पैशांत "विमानतळावर आत ओळख आहे, सोडवतो" म्हणणारे भेटतात. तिथल्या इमिग्रेशनमध्ये 2020 ला पास्तियास प्रकरण गाजलं होतं. चिनी लोकांना आत घ्यायला माणशी 10,000 पेसो, मिठाईसारखे कागदात गुंडाळलेले. अशा सोडवणाऱ्याला हात लावला तर खरा प्रवासीही गुन्हेगार ठरतो.

चहाटळ:
मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण अडवलंच तर पुढे काय? कायमची बंदी?

मकाटीतला_सांगलीकर:
बंदी नाही. कमी पडलेले कागद घेऊन पुन्हा जाता येतं. जातं ते तिकीट. म्हणून राघूशेठ, तारीख बदलता येणारंच काढा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि मनिलातून सिंगापूरच्या विमानाआधी चार-पाच तास हाताशी ठेवा. इलोइलोचं विमान उशिरा आलं आणि त्यात दुसऱ्या तपासणीला पाठवलं, तर कागद बरोबर असूनही विमान जाईल. शक्य असेल तर तिला आदल्या दिवशीच मनिलात येऊ दे.

कोथरूडी_राघू:
तिला सगळं वाचून दाखवलं, तोडक्यामोडक्या भाषांतरात. सीएफओचं ती उद्याच बघते. तिकीट तोपर्यंत थांबवलंय. आईने विचारलंय, आदल्या दिवशी मनिलात राहील कुठे, ओळखीचं कोणी आहे का.

मकाटीतला_सांगलीकर:
आमच्याकडे राहील. व्यनि (खाजगी निरोप) करा, बायकोचा नंबर देतो, दोघी आपापसात ठरवतील.