फर्मा छापताना मशिनवर उभं राहून नेमकं काय बघायचं?

माळावरची:
मंडळी, वडिलांनी गावच्या नाट्यमंडळाच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्यांचं पुस्तक छापतेय. डेमी साइज, 192 पानं म्हणजे 16 पानी 12 फर्मे (एका शीटवर पाठपोट छापलेली 16 पानं म्हणजे एक फर्मा), 70 जीएसएम मॅपलिथो कागद, काळी छपाई, 1000 प्रती. पाच फर्मे झालेत. काल बघायला गेले तर पाचवा फर्मा चौथ्याशेजारी चक्क करडा दिसतोय. प्रेसवाले म्हणतात, "मॅच करूनच छापलाय ताई, तुम्हाला उगाच वाटतंय." वर पान 71 वर 'नाटकाची नांदी'ची 'नादी' झालीय! शेवटच्या प्रुफात अनुस्वार होता, मीच तपासलंय. आता उरलेल्या फर्म्यांना मला मशिनवर बोलावलंय. जाऊन बघू काय? दर किती शीटला एक काढायला सांगू?

निवृत्त मशिनमन:
ताई, उगाच वाटत नाहीये. नारायण पेठेत 34 वर्षं मशिनवर काढली, ही चूक मीही केलीय. त्यांनी पाचव्याचा ओला शीट चौथ्याच्या वाळलेल्या शीटशी जुळवला. मॅपलिथोत शाई मुरते, वाळली की काळा उतरतो. ओल्यात तंतोतंत जुळवलं की वाळल्यावर फिकं पडणारच. ओला शीट जरा गडदच दिसायला हवा. डेन्सिटोमीटर, म्हणजे छापलेल्या शाईचा गडदपणा मोजायचं यंत्र, असेल तर ओल्याचा आकडा ओल्याशी ताडून बघायला सांगा. नसेल तर पसंत पडलेला शीट बाजूला ठेवून मशिन थांबवा, चहा पिऊन या आणि मग बघा. मशिनमन कुरकुरेल, कुरकुरू दे.

सुरुवातीचे शीट बघत बसू नका, शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत ते वाया जायचेच. मेळ बसला की एका शीटवर सही करून तो टेबलावर ठेवा. पुढे दर 200 ला एक काढून त्याच्याशेजारी धरा, दारातल्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली नाही. एका बाजूचे 1000 शीट पाव तासात निघतात, गप्पा मारत बसलात तर फर्मा संपलेला असतो. आणि मशिन मध्येच थांबलं तर पुन्हा सुरू झाल्यावरचे वीस-पंचवीस शीट थप्पीत जाऊ देऊ नका.

अनुस्वाराचं म्हणाल तर थप्पीतून वरचे, मधले, खालचे असे पाच-सहा शीट काढा. काहींवर असेल, काहींवर नसेल तर ब्लँकेटवर, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरावर, कचरा बसला होता. एकावरही नसेल तर प्लेटवरूनच, म्हणजे मजकूर उमटवलेल्या पत्र्यावरूनच, गेलाय. धुळीचा ठिपका समजून प्लेटवरचं पुसायच्या करेक्शन पेनने अनुस्वार उडवणारे महाभाग मी पाहिलेत.

डीटीपीवाली:
काकांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त पाठपोट झालेला एक शीट घेऊन स्वतःच्या हाताने घडी घाला आणि पानांचे आकडे ओळीने येतायत का बघा. मग तोच उजेडासमोर धरा. पुढच्या-मागच्या मजकुराच्या ओळी एकमेकींवर बसायला हव्यात. आमच्याकडे एकदा पान 38 नंतर 43 आलं होतं, बाइंडरने फोन केला तेव्हा कळलं.

प्रकाशक सदाशिव:
पाचवा पुन्हाच छापून घ्या. 23×36 इंची एक रीम कागद (500 शीट, अर्धे कापून 1000) जाईल आणि प्लेटच गेली असेल तर त्या बाजूची एक प्लेट. नाहीतर पुस्तक उघडलं की तुमची नजर आयुष्यभर त्याच पानावर जाणार.

माळावरची:
जाऊन आले. सहा शीट काढले, एकावरही अनुस्वार नाही. प्लेट अजून ठेवलेली होती, भिंगातून बघितलं तर 'ना'च्या डोक्यावर पुसल्याचा डाग. पोरगा म्हणाला, "कचरा वाटला हो." सहाव्याला काकांच्या सांगण्याप्रमाणे चहा पिऊन बघितलं आणि शाई वाढवायला लावली. पाचवा पुन्हा छापतायत. प्लेट त्यांची, कागद माझा.