परदेशातलं वर्क परमिट: पगाराव्यतिरिक्त काय मिळालं? (अनुभव धागा)

कर्वेनगरला आमच्या शेजारच्या मुलाला दुबईत नोकरी मिळतेय. एजंट म्हणतो, आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, परमिटचं तिकडे गेल्यावर बघू. मुलगा मला म्हणाला, "काका, पगार तेवढाच मिळणार असेल तर कागद कुठला का असेना!" जिन्यात उभं राहून मी त्याला बराच वेळ समजावलं, पण त्याला पटलं नाही. माझी नऊ वर्षं जर्मनीत गेली, आखातातलं मला काही ठाऊक नाही.

म्हणून हा धागा. ज्यांनी परदेशात रीतसर परमिटवर काम केलंय त्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत. घर, दवाखाना, बँक, मुलांची शाळा, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, आणि वेळ आली तेव्हा दाद कुठे मागता आली, ते सांगा. अडचणीही लिहा, त्याही कळायला हव्यात.

माझ्यापासून सुरुवात करतो.

2014 साली चाकणची नोकरी सोडून श्टुटगार्टजवळ गेलो, ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर. पहिल्याच आठवड्यात पालिकेत पत्ता नोंदवला, तिथे त्याला आनमेल्डुंग म्हणतात. मग टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी आला, बँकेत खातं उघडलं. आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापला जायचा आणि त्याच हप्त्यात बायकोचाही विमा होता, तिच्यासाठी वेगळा पैसा भरावा लागला नाही. 2016 मध्ये मुलगी झाली, ती जन्मापासून त्यातच. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच आलं, त्यामुळे बाळंतपणाला पुण्याहून कोणीच येऊ शकलं नाही. तेव्हा हेबामे, म्हणजे सुईण, पहिले दहा दिवस रोज घरी यायची. बाळाला कसं धरायचं, अंघोळ कशी घालायची, बायकोचे टाके भरतायत का, सगळं बघायची. तिचे पैसे विम्यातून गेले. त्या बाईंचा चेहरा आम्ही दोघं कधी विसरणार नाही.

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि कुठलीही नोकरी करता येते. बायकोला आठ महिन्यांत एका ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं. मी बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन बी-वन पातळीपर्यंत शिकून गेलो होतो, त्याचा उपयोग असा की 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. नुसती पहिली पातळी, ए-वन, असती तर तेव्हा 33 महिने लागायचे, आता ते 27 झालेत. 2018 मध्ये आमचा विभाग बंद झाला, पण तो परवाना हातात होता म्हणून देश सोडायची टांगती तलवार नव्हती. पाच महिने बेकार भत्ता घेतला आणि नीट शोधून दुसरी नोकरी धरली. जायच्या आधी भाषा शिका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

दुबईत सहा वर्षं, मूळ भोसरी

काका, त्या पोराला थांबवा. मी तेच केलं होतं.

औंधच्या आयटीआयमधून टर्नर झालो, भोसरीत चार वर्षं लेथवर काढली. मग एजंटच्या नादानं व्हिजिटवर गेलो. एका वर्कशॉपमध्ये दोन महिने राबलो. तिसऱ्या महिन्यात मालक म्हणाला, पैसे नाहीत, काय करायचं ते कर. करणार काय? व्हिजिटवर काम करणं हाच तिथं गुन्हा. तक्रार करायला जावं तर पहिल्यांदा मीच आत. पासपोर्टही त्यांनी ठेवून घेतलेला, तो गावच्या एका माणसानं मध्ये पडून सोडवून दिला. घरून पैसे मागवून तिकीट काढलं आणि परत आलो. आईनं मंगळसूत्र मोडलं होतं, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्यांदा गेलो ते लेबर परमिटवर. करार सरकारच्या मंत्रालयात नोंदलेला, त्यात बेसिक किती, भत्ते किती, सुट्टी किती, सगळं लिहिलेलं. पगार बँकेतूनच यायचा. 2009 पासून तिथं वेज प्रोटेक्शन सिस्टिम आहे, कंपनीनं पगार दिला की नाही ते सरकारला परस्पर दिसतं. एकदा पगार लांबला तर मॅनेजर स्वतः येऊन सांगून गेला, दोन दिवसांत होतोय म्हणून. माणसं तीच, धंदा तोच, फरक त्या कागदाचा. एमिरेट्स आयडी मिळाल्यावर सिम, बँक, दवाखाना सगळं माझ्या नावावर झालं.

आणि ग्रॅच्युइटी. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढे वर्षाला 30 दिवसांचा. धरतात बेसिकवर, एकूण पगारावर नाही, म्हणून करारात बेसिक किती दाखवलंय ते आधी बघा. माझं बेसिक 1,800 दिरहम. सहा वर्षांचे 135 दिवस झाले, दिवसाचे 60 दिरहम धरून 8,100 हातात घेऊन आलो. त्यातून आईला नवीन मंगळसूत्र केलं.

हडपसर, सध्या इंग्लंड

मी नर्स आहे. हेल्थ अँड केअर व्हिसावर आले. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरावा लागणारा आरोग्य सरचार्ज या व्हिसाला माफ आहे. माझा भाऊ आयटीत, स्किल्ड वर्करवर आला, त्याला वर्षाला 1,035 पौंडांप्रमाणे सगळ्या वर्षांचे पैसे व्हिसाच्या वेळीच भरावे लागले. उपचार मात्र दोघांना सारखेच मिळतात.

आता सगळं डिजिटल झालंय. घरमालकाला ऑनलाइन शेअर कोड दिला की माझी परवानगी त्याला तिथेच दिसते, कागद दाखवत फिरावं लागत नाही. पण हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं तर त्यांचं प्रायोजकत्व घेऊन नवा अर्ज करावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीनं घाईत आधी राजीनामा दिला, तिची फार ओढाताण झाली.

टोरांटोजवळ

थोडक्यात लिहिते. नवऱ्याच्या परमिटमुळे मुलांना वेगळं स्टडी परमिट लागलं नाही, जवळच्या सरकारी शाळेत फी न भरता प्रवेश मिळाला. त्याची नोकरी पूर्णवेळ असल्यानं ओंटारियोचं हेल्थ कार्ड सगळ्यांना मिळालं. परमिटची तारीख संपली की सिन नंबरची (कॅनडात नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर) मुदतही संपते, ती विसरू नका.

सदाशिव पेठ ते न्यू जर्सी

माझं जरा वेगळं आहे. मला परमिट मिळालं ते चार वर्षं वाट बघितल्यावर.

2011 मध्ये लग्न करून एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आले. बीएमसीसीतून एम.कॉम., पुण्यात सीएच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेलं. इथे आल्यावर कामाला परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. नंबर नाही म्हणून क्रेडिट हिस्टरी नाही. बँकेत खातं होतं ते नवऱ्याबरोबर जोडखातं. तो चांगला माणूस आहे, कधी हिशेब विचारला नाही. पण वडिलांच्या साठीला त्यांना घड्याळ पाठवायचं होतं, ते त्याच्या पैशातून घेताना मला रडू आलं होतं.

26 मे 2015 ला नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला आय-140 अर्ज मंजूर झालाय, त्यांना कामाचं कार्ड मिळू लागलं. माझं सप्टेंबरात आलं. दुसऱ्या दिवशी सोशल सिक्युरिटीच्या रांगेत उभी होते. एका छोट्या अकाउंट्सच्या फर्ममध्ये लागले. 500 डॉलर ठेव ठेवून बँकेनं क्रेडिट कार्ड दिलं, ते वर्षभर वेळेवर फेडून स्वतःची पत तयार केली. चार वर्षांनी घराच्या कर्जात दोघांची कमाई धरली गेली.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापले जातात, त्याची वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात आणि 40 झाली की म्हातारपणीच्या पेन्शनचा हक्क लागतो. भारत आणि अमेरिकेत दोन्हीकडची वर्षं एकत्र धरायचा करार नाही, त्यामुळे 40 च्या आत परत जाणाऱ्यांचे पैसे इथेच राहतात. माझी 40 आता पूर्ण झाली आहेत.

त्रासही झाला. 2022 मध्ये नूतनीकरण रखडलं आणि चार महिने घरी बसावं लागलं. ऑफिसनं जागा राखून ठेवली म्हणून निभावलं. नूतनीकरणाचा अर्ज जितक्या लवकर करता येईल तितक्या लवकर करा.

नागोया, परत बाणेर

वरच्या ताईंनी कराराचं लिहिलं म्हणून सांगतो. जपानबरोबर भारताचा तसा सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. परत येताना तिथल्या पेन्शनचे पैसे एकरकमी मागता येतात, अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. पण एकदा ते घेतले की ती वर्षं पुढे मोजली जात नाहीत. मी घाई केली नाही, घरी बसून विचार केला आणि मगच ठरवलं. बाकी रेसिडेन्स कार्डावर आरोग्य विमा मिळाला. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा बिलाचा 30 टक्के वाटा माझा, बाकी विम्याचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी शेजारच्या मुलाला आणि त्याच्या आईला घरी बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. भोसरीच्या दादांचं वाचताना त्याची आई मध्येच उठून आत गेली. मुलगा विचारतोय, परमिट खरं आहे की नाही ते विमानात बसायच्या आधी कसं ओळखायचं?

दुबईत सहा वर्षं, मूळ भोसरी

त्याला सांगा, कंपनीकडून एन्ट्री परमिटची प्रत मागव. त्यावर एम्प्लॉयमेंट असं लिहिलेलं पाहिजे. टुरिस्ट किंवा व्हिजिट असेल तर निघायचं नाही, एजंट काहीही म्हणो. ऑफर लेटरवर बेसिक वेगळं लिहून घे. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीला परदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी हवी, असा) शिक्का नसेल, असलाच तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलची मंजुरी लागते. सगळ्या कागदांचे फोटो आईच्या मोबाइलवर ठेव. आणि माझा नंबर त्याला द्या, सकाळी दहापर्यंत मी घरीच असतो.