महाराजबाग म्हणे अर्ध्या तासात 'होते'!

बर्डीचा_वाटसरू
काल इथंच एकानं लिहिलं: "महाराजबाग म्हणजे चार पिंजरे अन् धूळ. अर्ध्या तासात होते. पोरं घेऊन जायचं तर मॉलच्या गेमझोनमध्ये जा, एसी तरी असतो." खाली अंगठ्यांची रांग. एका ओळीत उत्तर देण्यासारखं नाही हे, म्हणून वेगळा धागा.

भाऊ, बाग पाहायला गेले होते की पिंजरे मोजायला? नागपूरच्या भोसल्यांनी शहराभोवती बागा लावल्या: महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. प्राणी आले १८९४ साली, बाग त्याच्या आधीची. कृषी महाविद्यालय १९०६ चं, अन् आज सगळा कारभार डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. इथं झाड हा मुख्य माल आहे, वाघ वरकड.

दिवस बिघडतो तो वेळेमुळं. वाघ-बिबट गेट उघडल्यावरच्या पहिल्या तासात फिरताना दिसतात. ऊन चढलं की सावलीत आडवे होतात, मग पोरगं "तो हलत का नाही?" विचारत राहतं. एप्रिल-मेमध्ये क्रम असा: आधी प्राणी, मग झुले-घसरगुंडी, मग मोठ्या झाडाखाली डबा, अन् ऊन तापायच्या आत घरी. पत्र्याची घसरगुंडी दहानंतर पोराच्या मांड्या भाजते. आधी आपला तळहात टेकवून पाहा. डिसेंबरात उलटं. नऊपर्यंत गवत दवानं ओलं असतं, सतरंजीखाली मेणकापड नसेल तर सगळ्यांचे कपडे गार. तेव्हा दहाला जा अन् तीनपर्यंत बसा.

धरमपेठची_ताई
वेळापत्रक छान. आता आजी अन् दोन वर्षांचं पोर सोबत असेल तर काय, ते पण सांगा. बाबागाडीची बारकी चाकं मुरुमात रुततात, मोठ्या चाकांची गाडी असेल तरच न्या, नाहीतर पोर कडेवर. आजींसाठी घडीचं स्टूल घरूनच, कारण सावलीतले बाक कायम भरलेले असतात अन् रिकामे असतात ते उन्हातले. स्वच्छतागृहाचं तर बोलूच नका. सार्वजनिक बागेत साबण मिळेल असं धरून चालणारा माणूस नागपूरचा नाहीच. एक लिटर पाणी फक्त हात धुण्यासाठी वेगळं ठेवावं लागतं. मॉलमध्ये हे काहीच लागत नाही. त्या पोस्टवाल्याला एवढं हसू नका.

बर्डीचा_वाटसरू
मॉलमध्ये पोरगं मातीत हात घालत नाही म्हणून धुवायचं पाणी लागत नाही, हेही लिहा ताई. स्टुलाचं मान्य. कार मात्र आणूच नका. रविवारी संध्याकाळी महाराजबाग चौकात पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात बाग पाहून होते. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा, पुढं पायी नाहीतर ऑटो.

गोरेवाडा_पक्ष
मुद्दा पिंजऱ्यांचाच आहे अन् तुम्ही स्टुलावर बसून राह्यले. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं महाराजबागेची मान्यता काढली होती, ती काय गंमत म्हणून? मग प्रकरण अपिलात गेलं. शहराच्या मधोमध, चहूकडं हॉर्न, त्यात वाघ. गोरेवाड्याची सफारी २६ जानेवारी २०२१ पासून सुरू आहे, तिथं प्राणी मोकळे अन् माणसं गाडीत. प्राणी दाखवायचे तर तिकडं न्या. महाराजबाग निव्वळ बाग म्हणून ठेवा, माझी हरकत नाही.

बर्डीचा_वाटसरू
चला, बाग म्हणून तरी ठेवली तुम्ही, उपकार झाले. सफारीत तीन वर्षांखालचं पोर वाघ येईपर्यंत झोपून जातं, अन् उतरून पळता येत नाही. पळणं हाच त्याचा दिवस असतो.

माळी_मास्तर
पिंजऱ्यांवरून भांडणाऱ्यांना एक विनंती: पिंजऱ्यासमोर पोराच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट देऊ नका. वन्यजीव कायद्याचं कलम ३८-जे खाऊ घालणं, चिडवणं, आरडाओरडा, कचरा, सगळ्याला लागू आहे. डबा पिंजऱ्यांपासून लांब उघडा, अन् पॉलिथिनमध्ये आणू नका. पॉलिथिनची खळखळ ऐकली की वांदर येतात. कापडी पिशवीत स्टीलचा डबा, झाकण घट्ट.

वर्धेची_काकू
डब्याचं निघालंच म्हणून सांगते. बागेत शेव-मुरमुरा खाऊन कसला दिवस साजरा करता बाप्पा? आवळी नवमीला आवळ्याखाली जेवण, नाहीतर गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे अन् वांग्याची भाजी, याला सहल म्हणतात. आताच्या बागांत गोवरी पेटवू देत नाही म्हणून कोणी जात नाही. एक कोपरा राखून द्यायला काय जातं?

माळी_मास्तर
काकू, झाड जातं. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटातच असतात, अन् ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली. निखाऱ्यानं ती भाजतात. वरून राख क्षारयुक्त, तिथंच टाकून जाता. झाड त्या वर्षी काही बोलत नाही, दोन-तीन वर्षांनी त्या बाजूची फांदी वाळते अन् लोक म्हणतात कीड लागली.

वर्धेची_काकू
आमच्या वावरात आंब्याखाली पिढ्यान्‌पिढ्या रोडगे भाजले, आंबा उभा आहे!

माळी_मास्तर
वावरातल्या आंब्याखाली वर्षातून एकदा चूल. महाराजबागेत दर रविवारी पन्नास चुली लागतील. अन् वावरात मातीवर पाय पडत नाहीत. इथं तुडवून तुडवून ती आधीच विटेसारखी झाली आहे, पाणी मुरत नाही.

गोरेवाडा_पक्ष
वाघाच्या नाकाशी गोवरीचा धूर. वा!

वर्धेची_काकू
तुम्ही सफारीतच बसा.

धरमपेठची_ताई
काकू, घरून भाजून आणा ना. ओव्हनमध्ये १८० ला पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचे. होतात.

वर्धेची_काकू
होतात, पण रोडगे नाही होत. ऐका नीट. एक किलो जाडसर दळलेली कणीक, दीडशे ग्रॅम तेलाचं मोहन, ओवा, मीठ, पाणी हात राखून, गोळा घट्ट. बारक्या चांदक्या लाटून मध्ये तेलाचं बोट, तीन-चार एकावर एक, वरून मोठी पारी घालून तोंड बंद. एवढ्यात बारा-चौदा होतात. गोवऱ्या धूर पूर्ण जाईपर्यंत जळू द्यायच्या. घाई करून धुरात ठेवले की वरून काळे अन् आत कच्चे. निखारे पसरून त्यात रोडगे, वर गरम राख. वीस मिनिटांनी उलटायचे, एकूण पाऊण तास. भेग पडली की झाले. फडक्यानं राख झटकायची, फोडायचा अन् तुपात बुडवायचा. तुमच्या ओव्हनात पापुद्रे सुटतात, पण साल कोरडी पडते.

माळी_मास्तर
मग हेच घरच्या अंगणात करा अन् घेऊन या. नेतानाच लोक बिघडवतात: गरम असतानाच फॉइलमध्ये बांधले की वाफ अडकून साल लिबलिबीत. पूर्ण निवू द्या, सुती कापडात गुंडाळून टोपलीत. संध्याकाळपर्यंत काही होत नाही. भीती वांग्याच्या भाजीची. कांदा-खोबऱ्याचं वाटण उन्हात पाच-सहा तासांत आंबतं, मे महिन्यात त्याहून लवकर. उकळती असतानाच कॅसरोलमध्ये भरा, चार तासांत संपवा, उरलेली घरी परत नेऊ नका.

वर्धेची_काकू
टोपलीचं तेवढं बरोबर बोललात. बाकी झाडाच्या मुळ्या तुम्ही मोजत बसा, मी अंगणात पेटवते. झालं समाधान?

बर्डीचा_वाटसरू
धागा बागेचा होता, रोडग्यांचा झाला. कोणी अजून म्हणतं का अर्धा तास?

गेमझोनवाला
ती पोस्ट माझीच. रोडगे कोणी आणून देत असेल तर दोन तास बसू. मच्छरांचं मात्र कोणी बोललं नाही. पावसाळ्यात हाफ पँटमध्ये पोरं घेऊन जा, मग सांगा.

माळी_मास्तर
डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी अन् दिवस मावळायच्या आधी जास्त. जुलै ते ऑक्टोबर पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा, अन् साचलेल्या पाण्यापाशी सतरंजी टाकायची नाही. त्या दिवसांत दगडी पायऱ्यांवर शेवाळही असतं, रबरी चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल घाला.

गेमझोनवाला
एवढी यादी सांभाळण्यापेक्षा एसी बरा. पण ठीक आहे, डिसेंबरात जाऊन पाहतो. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते?

बर्डीचा_वाटसरू
आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवणं नियमातच आहे. वार गेटवरच्या पाटीवर वाचा, अन् आधी वाचून मगच पोरांना सांगा.