ऊर्ध्वपातन म्हणजे नेमकं काय? (नोटीस उद्या लावायची आहे)

तळटीप :
महापे एमआयडीसीतल्या एका युनिटसाठी सुरक्षा-सूचनांचा हिंदीतून मराठी अनुवाद करते आहे. माल नॅफ्थलीन. हिंदी पत्रकात वाक्य आहे, 'नैफ्थलीन का ऊर्ध्वपातन होता है, अतः वेंट लाइन जाम हो सकती है.' शब्द संस्कृत, दोन्ही भाषांत आहे, म्हणून मी 'ऊर्ध्वपातन' तसाच ठेवला. कच्चा खर्डा वाचून शिफ्ट इन्चार्जने विचारलं, 'वितळवायच्या टाकीवर डिस्टिलेशन कुठून आलं? डिस्टिलेशनचा कॉलम तर पलीकडच्या शेडमध्ये आहे.' चूक कुणाची, माझी की पत्रकाची? आणि 'नॅफ्थलीन' की 'नॅफ्थालीन', तेही सांगा.

कोलशेत :
चूक तुमचीच, पण अशी चूक भल्याभल्यांची होते. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे घनाची थेट वाफ होणं. त्याला आपण शाळेपासून संप्लवन म्हणतो. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन, ज्याला हिंदीवाले आसवन म्हणतात. बॅटरीत घालायच्या पाण्याच्या कॅनवर 'आसुत जल' लिहिलेलं असतं, ते आपलं ऊर्ध्वपातित पाणी. 'संप्लवन' घाला, विषय संपला.

धातुपाठ :
इतक्यात संपत नाही. हा शब्द रसशास्त्रातला, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या शास्त्रातला आहे, आणि तिथे पातनाचे तीन प्रकार आहेत : ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. ऊर्ध्वपातनाला डमरू यंत्र. दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधा कापडमातीने लिंपायचा, खालच्यात हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज), खाली आच, वरच्याच्या पाठीवर ओलं फडकं. पारा वर जाऊन वरच्या मडक्याला आतून धरतो. तिर्यक्पातनात वाफ तिरक्या नळीने शेजारच्या, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेतात. अधःपातनात माल वरच्या मडक्याला आतून लेपतात, आच वरून आणि पाणी खाली. मग कारखान्यातलं डिस्टिलेशन कुठलं? वाफ कॉलमच्या डोक्यावरून पाइपाने बाजूच्या कंडेन्सरला जाते. ते तिर्यक्पातन झालं! म्हणजे मराठी परिभाषेने आधीच शब्द चुकीच्या खुंटीला टांगला आहे. वाफ सरळ वर जाऊन तिथेच धरते, हे हिंदीवाल्यांच्या अर्थाला जास्त जवळचं.

पारसिक :
पण डमरू यंत्रात वर धरतो तो पारा द्रवच की. म्हणजे वाफ होऊन पुन्हा द्रव. मराठी अर्थ तिथेही बसतो. एकाच यंत्रातून रसकर्पूरासारखं घन काढलं तर हिंदी बरोबर, पारा काढला तर मराठी बरोबर.

धातुपाठ :
बसतो, मान्य. पण 'पातन' म्हटलं की सगळ्यांना पाडणंच आठवतं. पत् धातूचा अर्थ पडणे तसा उडणेही. पतंग, पतत्री त्यातलेच. ऊर्ध्वपातन म्हणजे वर उडवणं. उलट 'संप्लवन' बघा. प्लु म्हणजे तरंगणे, वाहणे. संप्लव म्हणजे पूर. घन पदार्थाची वाफ होण्याशी पुराचा काय संबंध? कुणीतरी समितीत बसून केलेला शब्द.

कोलशेत :
समितीत बसून केलेला असेल, पण नववीतलं पोरही आयोडीन, कापूर आणि नवसागर बघून 'संप्लवन' म्हणतं. रुळलेल्या शब्दाचं मूळ खणून तो पाडायचा, हा उद्योग आपण थांबवू या. आसवन तरी कुठे धड आहे? मराठी माणसाला आसव म्हटलं की द्राक्षासव आठवतं, आणि ते आंबवलेलं असतं, गाळलेलं नव्हे.

रबाळेकर :
मंडळी, वाद वाचला. मूळ वाक्यात दोन्ही शब्द चुकीचे आहेत, हिंदी आणि मराठीही.

नॅफ्थलीन वितळतं ८० अंशांना, उकळतं २१८ ला. वितळवायच्या टाकीत ते ९० ते १०० अंशांवर द्रवरूपात असतं. व्हेंटमध्ये, म्हणजे टाकीची हवा आत-बाहेर जाणाऱ्या पाइपात, जाते ती या द्रवाची वाफ. म्हणजे टाकीत घडतं ते साधं बाष्पीभवन. पुढे ती वाफ ८० च्या खालच्या धातूला लागली की द्रव न होता थेट पांढरे पापुद्रे धरते. संप्लवन म्हणायचं तर ते गोदामातल्या पोत्यांतल्या फ्लेक्सचं होतं, टाकीचं नव्हे. तेव्हा ऑपरेटरला सांगायचं वाक्य हे : 'टाकीतली वाफ थंड पाइपात घट्ट होऊन साचते आणि व्हेंट चोक होतो.' यात एकही पारिभाषिक शब्द लागत नाही.

चोक झाल्यावर काय होतं, तेही लिहा. टाकी भरताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि दाब वाढतो. उलट पंपाने माल काढताना आत हवा येत नाही आणि छप्पर आत बसतं. अशा टाक्यांची पोकळी सोसायची ताकद फार थोडी असते, बोटाच्या एका पेराएवढ्या पाण्याच्या उंचीतच काम बिघडतं. ब्रीदर व्हॉल्व्हची (दाब वाढला-घटला की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हची) सीटसुद्धा याच पापुद्र्यांनी चिकटते, म्हणून व्हॉल्व्हला गरम ठेवणारं जॅकेट नसेल तर व्हॉल्व्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

तळटीप :
हे फार उपयोगाचं. मग व्हेंटला गरम ठेवायची सूचना कशी लिहू? हिंदीत 'भाप अनुरेखण' आहे, आणि त्याला माझ्याकडे शब्द नाही.

रबाळेकर :
'अनुरेखण' वाचून ऑपरेटर पेन्सिल शोधेल. स्टीम ट्रेसिंग (पाइपाला लागून नेलेल्या नळीतून वाफ फिरवून तो गरम ठेवणं) लिहा, सगळे तेच म्हणतात. साडेतीन बार गेजची संपृक्त वाफ म्हणजे १४८ अंशांच्या आसपास, व्हेंटला पुरून उरते. मात्र चोक होतो तो सरळ पाइपात नव्हे. होतो तो फ्लँजवर, व्हॉल्व्हच्या पोटात, किंवा मेंटेनन्सला लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं वेष्टन) काढलं आणि परत घातलं नाही अशा हातभर तुकड्यात. दुसरं कारण स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. ट्रॅप बंद पडला की ट्रेसिंगच्या नळीत पाणी साचतं, नळी वरवर गरम लागते पण शंभराच्या खाली आलेली असते. म्हणून हाताने चाचपू नका, ट्रॅपच्या आधी आणि नंतर तापमान मोजा. आणि वितळलेल्या मालात पाणी जाऊ देऊ नका. शंभराच्या वर असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन सगळं फेसाळत वर येतं. माल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याच्या) वर असतो, म्हणून टाकीवर नायट्रोजनही हवा.

तुमच्या इन्चार्जला ज्या कॉलमची आठवण झाली, तिथेही हाच रोग. कंडेन्सरला नेहमीचं ३० अंशांचं कूलिंग वॉटर दिलं तर नॅफ्थलीन नळ्यांवरच गोठतं. म्हणून ८५ ते ९० अंशांचं पाणी फिरवतात. नवा माणूस 'पाणी गरम आलंय' म्हणून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढे अर्धा दिवस नळ्या वितळवण्यात जातो.

धातुपाठ :
'संपृक्त वाफ' लिहिलंत, बरं वाटलं. पण मग संपृक्त हायड्रोकार्बन म्हणजे काय? संपृक्त द्रावण म्हणजे काय? एक शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी राबवायचा आणि मग विद्यार्थी गोंधळले म्हणून रडायचं.

पारसिक :
तिन्हींत 'आणखी सामावत नाही' हा एकच अर्थ आहे. पाण्यात मीठ मावत नाही, त्या तापमानाला हवेच्या जागेत वाफ मावत नाही, कार्बनवर हायड्रोजन मावत नाही.

धातुपाठ :
तो 'सॅच्युरेटेड'चा अर्थ झाला, संपृक्तचा नव्हे. लॅटिन सातुर म्हणजे पोट भरलेला. हिंदीने त्याचं शब्दशः 'संतृप्त' केलं. संपृक्तमध्ये पृच् धातू आहे, जोडणे, मिसळणे. संपर्क त्याच घरातला. म्हणजे मराठी शब्द सांगतो की सगळ्या संयुजा (अणूच्या बंध जोडायच्या जागा) जोडल्या गेल्या आहेत. इथेनच्या प्रत्येक कार्बनला चार एकेरी बंध, चारही वेगवेगळ्या अणूंशी. हिंदीने शब्दाचं भाषांतर केलं, आपण रसायनाचं केलं.

कोलशेत :
इतकं छान वाटत असेल तर मग बेंझीनचं बोला. सूत्र बघून असंपृक्त, ६ कार्बनला ६च हायड्रोजन. पण ब्रोमीनचं पाणी घालून हलवा, रंग जात नाही. त्याच पाण्यातून इथीन सोडा, लगेच जातो. नॅफ्थलीन तर १० कार्बन, ८ हायड्रोजन, दोन वलयं एका बाजूने चिकटलेली, त्या बाजूचे दोन कार्बन दोघांत सामाईक. त्याच्याशी ब्रोमीन बोलतो, पण समावेशन (काही बाहेर न टाकता नुसतं जोडलं जाणं) करत नाही, हायड्रोजनला उठवून त्याच्या जागी बसतो. खूण अशी : परीक्षानळीच्या तोंडाशी हलकी फुंकर मारली की हायड्रोजन ब्रोमाइडचं पांढरं धुकं दिसतं. समावेशनात ते दिसत नाही, कारण बाहेर काही पडतच नाही. (नळी हूडखाली, आणि फुंकर बाहेरच्या बाजूला. वास घ्यायला वाकू नये.) संपृक्त-असंपृक्त एवढ्या शब्दांवर अभिक्रिया ओळखता येत नाही, हा मुद्दा आहे.

पारसिक :
'असंतृप्त' मात्र मराठीत नको हो. पगारवाढ न मिळालेला वाटतो.

तळटीप :
'हायड्रोजनला उठवून त्याच्या जागी बसतो' याला प्रतियोजन लिहायचं की प्रतिष्ठापन? विश्वकोशात प्रतिष्ठापन दिसतं, पाठ्यपुस्तकात प्रतियोजन. हिंदीत प्रतिस्थापन. पत्रकाच्या शेवटी सल्फोनेशनचा (हायड्रोजनच्या जागी सल्फोनिक गट बसवण्याचा) एक परिच्छेद आहे, तिथे अडले आहे.

पारसिक :
प्रतिष्ठापनेत कुणाला उठवावं लागत नाही. गणपती बसवताना पाटावर आधी कोण असतं? प्रतियोजनच लिहा.

धातुपाठ :
प्रतियोजनमध्ये तरी उठवणं कुठे आहे? 'प्रति' आणि 'जोडणे'. खरं तर व्याकरणात यासाठी तयार शब्द आहे, आदेश. एका वर्णाच्या जागी दुसरा येतो तो आदेश, वाढीव येतो तो आगम. म्हणजे प्रतियोजनाला आदेशन आणि समावेशनाला आगमन!

कोलशेत :
'इथीनवर ब्रोमीनचे आगमन.' ढोलताशे सांगा. परिच्छेदात नेमकं काय आहे ते टाका, शब्द नंतर बघू.

तळटीप :
'निम्न ताप पर अल्फा, उच्च ताप पर बीटा.' एवढंच.

रबाळेकर :
पत्रकवाल्याने आकडे खाल्ले, आणि खरं महत्त्व आकड्यांचंच आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर ८० अंशांच्या आसपास ठेवलं तर नॅफ्थलीन-१-सल्फोनिक आम्ल मिळतं, म्हणजे अल्फा. १६० ला नेलं तर २-सल्फोनिक, म्हणजे बीटा. अल्फा लवकर बनतं, पण शेजारच्या वलयावरच्या ८ क्रमांकाच्या हायड्रोजनशी त्याची दाटी होते. सल्फोनेशन उलटं फिरू शकतं, त्यामुळे गरम ठेवलं की अल्फा सुटतं आणि टिकाऊ बीटात जमा होत जातं. नायट्रेशन असं उलटं फिरत नाही, म्हणून तिथे ५०-६० अंशांना मुख्यतः १-नायट्रोच येतं, आणि तापवून २-नायट्रो मिळवू म्हणणाऱ्याला फक्त डांबर मिळतं.

बीटा हवं असताना १६० ला पोचायच्या आधी घाईने माल काढला तर मिश्रण येतं, आणि पुढे बीटा नॅफ्थॉलच्या बॅचमध्ये अल्फा निघतं. मराठीत 'कमी तापमानाला' असं मोघम लिहू नका. ८० आणि १६० लिहा.

पारसिक :
डांबराचा विषय निघालाच आहे तर, डांबरगोळीला डांबरगोळी म्हणतात ते यामुळेच. नॅफ्थलीन मुख्यतः दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं. पण रस्त्यावर ओततात ते डांबर कोळशाचं नव्हे, खनिज तेलाच्या तळाचा गाळ. दोन वेगळ्या वस्तूंना एकच शब्द. घोडबंदर रोडवर डांबरीकरण चालू असताना नॅफ्थलीनचा वास येत नाही तो म्हणून.

कोलशेत :
आणि डांबरगोळीत नॅफ्थलीन असतंच असंही नाही. बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन आहे, म्हणजे तो हायड्रोकार्बनच नव्हे. घरी तपासता येतं. १०० मिली पाण्यात ४० ग्रॅम मीठ ढवळा, तळाशी थोडं उरलं की द्रावण संपृक्त. वरचं निवळलेलं पाणी ओतून घ्या, त्याची घनता १.२ च्या आसपास असते. नॅफ्थलीनची १.१४, ते तरंगतं. डायक्लोरोबेंझीन बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, कापूर मात्र तरंगतो. मीठ कमी पडलं तर नॅफ्थलीनही बुडेल आणि तुम्ही दुकानदाराशी उगाच भांडाल. गोळीला हवेचे बुडबुडे चिकटले तर उलटी फसगत होते, म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

धातुपाठ :
म्हणजे 'संपृक्त'वर चालू झालेली चर्चा संपृक्त मिठाच्या पाण्यात बुडाली. असो. नॅफ्था, नॅफ्थीन आणि नॅफ्थलीन यांचं काय करायचं ते कुणी बोलत नाही. मूळ एकच, फारसीत नफ्त, ग्रीकमध्ये नाफ्था.

रबाळेकर :
त्यांची गल्लत महागात पडते. नॅफ्था म्हणजे पेट्रोलच्या पट्ट्यातलं हलकं मिश्रण, द्रव, पटकन पेटणारं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ साली जो क्रॅकर सुरू झाला, तो हे नॅफ्था वाफेबरोबर तापवून इथीन काढायचा. नोसिल नाका हे नाव तिथलंच. नॅफ्थीन म्हणजे सायक्लोहेक्झेनसारखी वलयांकित पण संपृक्त साखळी. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर ५०० अंशांच्या आसपास ती तीन हायड्रोजन रेणू सोडून बेंझीन होते. आणि नॅफ्थलीन हे दोन वलयांचं घन. टँकरच्या पावतीवर 'नॅफ्थ.' एवढंच लिहिलं आणि ड्रायव्हरने नॅफ्थाचा टँकर नॅफ्थलीनच्या गरम टाकीला लावला, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. नोटिशीत संक्षेप वापरू नका.

तळटीप :
व्हेंटचं वाक्य रबाळेकरांचं घेतलं, आकडे घातले, संक्षेप काढले. 'प्रतियोजन' ठेवलं. पण गोदामाच्या पाटीवर फ्लेक्सच्या पोत्यांसाठी एक शब्द लागेलच, तिथे संप्लवन की ऊर्ध्वपातन?

धातुपाठ :
ऊर्ध्वपातन. मूळ अर्थ तोच.

कोलशेत :
संप्लवन. कुणाला कळायला हवं असेल तर.

रबाळेकर :
'पोती घट्ट बंद ठेवा, उघडी राहिली तर माल हवेत उडून जातो, वजन भरत नाही.'

पारसिक :
नॅफ्थलीन की नॅफ्थालीन, ते राहिलंच.