'मार्टर' म्हणजे हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

प्रश्न : कॅथलिक संतांच्या चरित्रांचे भाषांतर करताना 'मार्टर' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. 'हुतात्मा' लिहिले की वाचकाला स्वातंत्र्यलढा आठवतो, 'शहीद' लिहिले की सीमेवरचा सैनिक, आणि 'रक्तसाक्षी' हा शब्द ख्रिस्ती वाचकांपलीकडे फारसा पोहोचलेला नाही. यांपैकी कोणता शब्द नेमका म्हणावा?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस' असा असून त्याचा अर्थ साक्षीदार एवढाच आहे, मग तो न्यायालयातला का असेना. त्या शब्दात ना मरण आहे, ना रक्त. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात दगडमाराने मारल्या गेलेल्या स्तेफनासाठी हाच शब्द आला आहे आणि मराठी बायबलात तेथे 'साक्षी' असेच म्हटले आहे. पुढे साक्ष देणाऱ्यांचे जीव जाऊ लागले, तेव्हा मरणाचा अर्थ या शब्दाला येऊन चिकटला. गमतीची गोष्ट अशी की आपल्याला परका वाटणारा अरबी 'शहीद' हा शब्दही साक्ष देण्याच्या अर्थाच्या धातूपासूनच आला आहे, म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो 'मार्तुस'चा सख्खा शेजारी ठरतो.

साक्षीचा हा अर्थ पर्पेच्युआच्या वृत्तान्तात फार स्पष्ट दिसतो. इ. स. 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या, रोमन अमलाखालील कार्थेज येथे श्वापदांपुढे सोडल्या गेलेल्या या सुमारे 22 वर्षांच्या तरुणीच्या अंगावर तेव्हा तान्हे मूल होते, आणि तुरुंगातल्या दिवसांची हकीकत तिने स्वतः लिहून ठेवली आहे. वडील तिला श्रद्धा सोडण्यासाठी विनवू लागले, तेव्हा तिने जवळच पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारले की या भांड्याला भांड्याखेरीज दुसरे नाव देता येईल का. वडील नाही म्हणाले. मग मी जी आहे, म्हणजे ख्रिस्ती, त्याखेरीज मलाही दुसरे नाव सांगता येत नाही, असे तिने उत्तर दिले. तिच्यावरचा खटला म्हणजे जवळजवळ या एका नावाचाच वाद होता. तिच्यासाठी मी निःशंकपणे 'रक्तसाक्षी' लिहीन. स्त्री-पुरुष दोघांनाही तो तसाच लावता येतो, ही आणखी एक सोय.

'हुतात्मा' या शब्दाची कल्पना मुळातच वेगळी आहे. 'हु' म्हणजे अग्नीत आहुती देणे, आणि ज्याचा आत्मा असा 'हुत' झाला तो हुतात्मा. यात यज्ञ आहे, अर्पण आहे, साक्ष नाही. बहुतेक वेळा हा फरक वाचकाच्या लक्षातही येत नाही, पण मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या चरित्रात तो टाळताच येत नाही.

1941 च्या जुलैअखेरीस आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून एक कैदी निसटल्याचे दिसल्यावर दहा जणांना उपासमारीने मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला, तेव्हा कोल्बे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या, असे म्हणाले. दोन आठवड्यांनंतरही ते जिवंत होते, म्हणून 14 ऑगस्टला त्यांना फिनॉलचे इंजेक्शन देऊन मारण्यात आले. आता त्यांचा जीव श्रद्धेच्या द्वेषापोटी घेतला गेला, की त्यांनी तो एका अनोळखी माणसासाठी स्वतःहून दिला? चर्चच्या व्याख्येप्रमाणे 'मार्टर' ठरायला पहिली बाब सिद्ध व्हावी लागते. म्हणूनच 1971 मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले ते 'कन्फेसर' म्हणून, म्हणजे श्रद्धेची ग्वाही देणारा पण तिच्यासाठी मारला न गेलेला म्हणून. (हाच शब्द पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूलाही लावतात, तेव्हा भाषांतरात जपून.) 10 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांना संत घोषित करताना पोप जॉन पॉल दुसरे मात्र 'मार्टर'साठीची लाल वस्त्रे घालून वेदीवर आले आणि यापुढे कोल्बे यांना 'मार्टर' म्हणूनही वंदन करावे, असे त्यांनी जाहीर केले. गायोव्हनिचेक त्या समारंभाला हजर होते.

पुढे 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रेमापोटी दुसऱ्यासाठी जीव ओवाळून टाकणाऱ्यांकरिता 'जीवनार्पण' हा संतत्वाकडे नेणारा निराळा मार्ग मान्य केला. आपला 'हुतात्मा' धात्वर्थाने ज्याचे वर्णन करतो, ते नेमके हेच. आणि चर्चच्या परिभाषेत ते 'मार्टर'पेक्षा वेगळे आहे. रक्तसाक्षीला 'धन्य' घोषित करताना चमत्काराची अट नसते, जीवनार्पणाच्या मार्गात ती असते, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यास केवळ छटा नव्हे, माहितीच चुकते.

उपप्रश्न : 'सेंट' आणि 'संत' हे शब्द एकाच मुळाचे आहेत काय? तसेच 'संतपद बहाल केले' हा प्रयोग बरोबर मानावा काय?

उत्तर : नाही, ते साम्य योगायोगाचे आहे. 'संत' हा संस्कृत 'सत्' पासून, म्हणजे 'अस्' धातूपासून आला आहे. 'सेंट'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'सांक्तुस' हा पवित्र म्हणून ठरवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आपण तुकारामांना संत म्हणतो ते कोणाच्या आदेशावरून नव्हे, उलट कॅथलिक परंपरेत चौकशी, साक्षीपुरावे आणि पोपची घोषणा हा रीतसर क्रम असतो. तरीही 'बहाल' हा शब्द मला खटकतो, कारण त्यातून किताब दिल्याचा भास होतो, आणि आपण कोणाला संत करत नसून अमुक व्यक्ती स्वर्गात आहे हे केवळ जाहीर करतो, अशी चर्चची भूमिका आहे. संत घोषित करणे या अर्थाच्या 'कॅननाइझ' या इंग्रजी शब्दातला 'कॅनन' म्हणजे येथे यादी, त्यामुळे 'संतनामावलीत समावेश केला' किंवा साधे 'संत घोषित केले' हे अधिक बरे.

ओघाने एक सूचना. संतांचा सण बहुधा मृत्युदिनी असतो आणि त्याला लॅटिनमध्ये 'दिएस नातालिस', म्हणजे स्वर्गातला जन्मदिवस म्हणतात. हे शब्दशः घेऊन कोणी 'जयंती' लिहिले, तर कोल्बे यांचा जन्म 14 ऑगस्टचा ठरेल. प्रत्यक्षात ते जानेवारीत जन्मले. येथे 'पुण्यतिथी' चपखल बसते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाबतीत मात्र 24 जूनला जयंती आणि 29 ऑगस्टला पुण्यतिथी असे दोन्ही शब्द लागतील, कारण त्याचा जन्म आणि शिरच्छेद हे दोन्ही दिवस पाळले जातात.