चर्चने वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर यावं का?

पायवाट:
अमेरिकेत आमच्या चर्चची मंडळी दर रविवारी उपासना संपली की अर्धा तास फुटपाथवर उभी राहते. हातात 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'चे (कृष्णवर्णीयांचे जीवही मोलाचे) फलक, घोषणा नाहीत. गेल्या रविवारी एका गाडीवाल्याने काच खाली करून शिवी हासडली. फलक धरलेल्या आजींचा हात थरथरला, पण फलक खाली आला नाही. आता मंडळीतच दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, प्रार्थना करा, राजकारण नको. मला ही श्रद्धेची साक्षच वाटते. तुमचं मत?

कोरा कागद:
मी विरोधात. दारात फलक लागला की वेगळ्या मताचा माणूस आत यायचाच थांबतो. मग त्याचं मन बदलणार कुठे?

उंबरठा:
१९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनीही जाहीर पत्रक काढलं होतं, की वंशभेदाविरुद्धची निदर्शनं अवेळी आहेत. मार्टिन ल्यूथर किंगनी तुरुंगातून उत्तर लिहिलं ते त्यांनाच. पाच महिन्यांनी त्याच शहरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. रविवारची सकाळ, चार मुली गेल्या. राजकारणापासून लांब राहायची सोय कृष्णवर्णीयांच्या चर्चला होती कुठे?

कोरा कागद:
चर्चने गप्प बसावं असं मी म्हणतच नाही. अलाबामातल्याच माँटगोमरीत बसमधल्या वंशभेदाविरुद्ध बसवर ३८१ दिवस बहिष्कार चालला, तेव्हा तिथल्या चर्चनी स्टेशन वॅगन गाड्या चालवल्या. गाडीवर चर्चचं नाव रंगवलेलं, आत कामाला निघालेल्या बायका. विमे रद्द झाले तरी गाड्या थांबल्या नाहीत. साक्ष म्हणावी तर ती. उलट सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला प्रोटेस्टंट पंथ बघा: १८४५ मध्ये संस्था निघाली ती गुलाममालकांची बाजू घेऊन आणि माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं! नुसत्या शब्दांवर माझा भरवसा नाही तो यामुळे.

उंबरठा:
पण त्या गाड्यांच्या आधी काय झालं? ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये हजारो लोक जमले, आत मावेनात म्हणून बाहेर उभे राहिले. आपण एकटे नाही हे तिथे दिसलं, म्हणून पुढचं वर्षभर पाय चालले.

पायवाट:
गाड्यांचा मुद्दा मला लागला. आमच्या अंदाजपत्रकात या कामासाठी एक डॉलरही नाही. मागच्या बैठकीत कागद हातात होता, तरी मी बोललो नाही. या वेळी विचारणार आहे. आणि रविवारी त्या आजींच्या शेजारी उभा राहणार, तेही नक्की.