चौथा महिना, हिमोग्लोबिन ९.४ आणि सासूबाईंना गोळ्या नकोत

नवी_सून_अक्कलकोटरोड
नमस्कार. पहिलटकरीण आहे, चौथा महिना लागलाय. हे चादरीच्या कारखान्यात असतात. काल रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.४. आतापर्यंत फक्त फॉलिकची बारकी गोळी चालू होती, चार दिवसांपासून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची पांढरी गोळी सुरू झाली. तेव्हापासून शौचाला काळी होते, पोट साफ होईना, मळमळतंय. सासूबाई म्हणतात, "गोळ्यांनी उष्णता होते, बाळ काळं होतं. आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या?" त्या मनानं वाईट नाहीत. पहाटे उठून माझ्यासाठी भाकरी थापतात, शेंगाची चटणी कुटतात. पण गोळीचं नाव काढलं की गप्प होतात. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. गोळ्या बंद करून खाण्यातून भरून निघेल का? मी दुपारी भाकरी-आमटी जेवते आणि दोन्ही गोळ्या लगेच चहासोबत घेते, म्हणजे विसरत नाही.

दोन_लेकरांची_आई
मलापण असंच झालेलं. मी बंद केली गोळी. बीट आणि सांगोल्याची डाळिंबं रोज खाल्ली. लालभडक रस, रक्तच वाढतं.

निवृत्त_नर्सबाई
ताई, तुमचं वाईट वाटून घेऊ नका, पण डाळिंब लाल असलं तरी त्यात लोह फार थोडं असतं. खा जरूर, गोळीच्या जागी नको.

आता तू ऐक, पोरी. मी ३१ वर्षं मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूरच्या उपकेंद्रांवर काढली. तुझी गोळी बरोबर आहे, वेळ चुकलीय. चहा लोहाला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही, आणि कॅल्शियम सोबत असलं की लोह आणखी कमी शोषलं जातं. म्हणजे तू त्रास सगळा सोसतेस आणि फायदा थोडा. लाल गोळी रात्री झोपताना घे, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. मळमळही त्यानं कमी जाणवते. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या खाण्यानंतर. चहा गोळीपासून तासभर तरी लांब.

शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळं, त्यात भ्यायचं काही नाही. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. पोटासाठी पाणी वाढव, पेरू खा.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, हा सगळ्या गरोदर बायांचा हिशोब. ११ च्या खाली रक्त असेल तर बहुधा दोन देतात. तुझं ९.४ आहे, म्हणून किती घ्यायच्या आणि बारकी गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनाच विचार. महिन्यानं रक्त पुन्हा तपास, साधारण एकानं वाढायला हवं. फॉलिक तू सुरुवातीपासून घेतलंस हे फार चांगलं केलंस. बाळाचा मेंदू-मणका जिच्यातून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचंच कळत नसतं.

माळकरी घरात मला जास्त काळजी बी-१२ ची वाटते. लाल गोळीत ते नसतं, भाजीपाल्यातही नसतं. दूध, दही, ताक रोज ठेव आणि रक्तातलं बी-१२ एकदा तपासून घे. ते कमी असलं तर नुसत्या फॉलिकनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

भाकरी सोडू नको. तिच्यावर लिंबू पीळ, मोडाची मटकी घे, हरभऱ्याची किंवा अंबाडीची भाजी, आपण पुंडी म्हणतो ती.

सासूबाईंशी भांडू नको. एका विडी वळणाऱ्या बाईच्या घरी मला सगळ्या गोळ्या पिठाच्या डब्यात तळाशी सापडल्या होत्या, सासूला दिसू नयेत म्हणून लपवलेल्या. कळा सुरू व्हायच्या आधी तिला सोलापूरला आणून दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. ती सासू वॉर्डाबाहेर बसून रडत होती. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. चूक आमचीही होती, आम्ही सुनेलाच सांगत राहिलो. तुझ्या सासूबाईंना ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सोबत ने. दर महिन्याच्या त्या दिवशी गरोदर बायांची मोफत तपासणी असते. जे तुला सांगतील ते त्यांच्यासमोर सांगू देत.

नवी_सून_अक्कलकोटरोड
मावशी, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. पिठाच्या डब्याचं ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "९ ला मी येते." एक राहिलं. रात्री आमच्याकडं दहीभात असतो, त्यावर लाल गोळी चालेल का?

निवृत्त_नर्सबाई
दह्यातही कॅल्शियम आहे. दही दुपारी घे, रात्री आमटी-भात. दहीभातच खावासा वाटला तर आठला जेव आणि गोळी दहाला.